दुसरी सीडी : ‘मॉरोविंड’ या जुन्या खेळाकडे परत जाताना

गेल्या पावसाळ्यात माळ्यावरची खोकी उतरवून पुसताना एक पुठ्ठ्याची पेटी हाती लागली. आत दोन सीडी, घडी घातलेला एक कागदी नकाशा आणि एक पुस्तिका. पहिल्या सीडीवर ओरखडे आणि बुरशीचे ठिपके होते. दुसरी मात्र अगदी नवी कोरी होती, कारण ती आम्ही कधी संगणकात घातलीच नव्हती. २००५ च्या सुमारास म्हापशाला मावसभावाच्या घरी आम्ही दोघे सुटीच्या दिवसांत तासन् तास खेळायचो, तो हा ‘मॉरोविंड’ नावाचा खेळ. पहिल्या सीडीत खेळ होता. दुसरीत तो खेळ बदलण्याचे साधन होते आणि त्याचा आम्हाला काही उपयोग वाटला नव्हता.

आज वीस वर्षांनी मागे वळून पाहता असे दिसते, की हा खेळ जिवंत राहिला तो त्या दुसऱ्या सीडीमुळे. जगभरातील हौशी मंडळी आजही त्याच्यासाठी नवी गावे बांधतात, जुन्या चुका दुरुस्त करतात, नवी पात्रे घडवतात. या फेरफारांना ‘मॉड’ म्हणतात. जुन्या खेळाकडे परतणाऱ्याच्या हाती आज हजारो मॉड आयते असतात. त्यांतले कोणते घ्यावेत आणि कोणते नाकारावेत, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. त्याचे उत्तर मी चुकीचे दिले होते. ती हकिगत पुढे येईलच. त्याआधी खेळाची थोडी ओळख करून घेऊ.

बाण नसलेले बेट

‘मॉरोविंड’ हा अमेरिकेतील बेथेस्डा या कंपनीने मे २००२ मध्ये प्रकाशित केलेला ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतील तिसरा खेळ. टॉड हॉवर्ड हे त्याचे प्रकल्पप्रमुख आणि केन रोल्स्टन हे मुख्य रचनाकार. मालिकेतील आधीचा खेळ ‘डॅगरफॉल’ १९९६ साली आला होता. त्याचा नकाशा अवाढव्य होता, पण बहुतेक भाग संगणकाने सूत्रानुसार निर्माण केलेला. त्यामुळे एक गाव दुसऱ्या गावासारखेच दिसे. ‘मॉरोविंड’मध्ये निर्मात्यांनी उलट वाट धरली. जग लहान केले, पण त्यातील टेकड्या, वाटा, घरे आणि घरांतली भांडीकुंडीही माणसांनी हाताने मांडली.

खेळाची सुरुवात कैद्यांच्या जहाजावर होते. सेडा नीन नावाच्या दलदलीकाठच्या खेड्यात आपल्याला उतरवले जाते. सरकारी कचेरीत कागद भरताना आपले नाव, वंश आणि व्यवसाय ठरतो. मग हातात एक लखोटा देऊन सांगितले जाते, की बाल्मोरा शहरातील अमुक माणसाला हा नेऊन द्या. इथून पुढे आपण मोकळे. लखोटा पोचवावा, न पोचवावा, चोरांच्या टोळीत जावे, जादूगारांच्या संघात नाव घालावे किंवा नुसतेच डोंगर चढत राहावे. खेळ अडवत नाही. अशा रचनेला ‘खुल्या जगाचा खेळ’ म्हणतात, आणि स्वतःचे पात्र घडवत नेण्याच्या पद्धतीमुळे तो ‘रोल-प्लेइंग’ प्रकारात मोडतो.

आजच्या खेळांत कुठे जायचे हे पडद्यावरचा बाण दाखवतो. ‘मॉरोविंड’मध्ये तसा बाण नाही. लोक तोंडी वाट सांगतात : नदीच्या काठाने वर जा, पूल ओलांडा, दोन टेकड्यांमधली खिंड लागली की उजवीकडे वळा. ते बोलणे रोजनिशीत नोंदले जाते आणि मग आपण, आपला कागदी नकाशा आणि धुके. कधी सांगणाराच दिशा चुकलेला असतो. अनोळखी गावात पत्ता शोधताना जसे पुन्हा मागे येऊन कुणालातरी विचारावे लागते, तसे इथेही करावे लागते.

भूमीही परकी. व्हार्डेनफेल नावाच्या या बेटाच्या मध्यभागी ज्वालामुखी आहे आणि त्याच्या राखेची वादळे सुटतात. झाडांच्या जागी उंचच उंच अळंब्या आहेत. प्रवासाला घोडा नसून लांब पायांचे प्रचंड कीटक आहेत. एका गावात महाकाय खेकड्याच्या रित्या कवचात सरदारांची वस्ती आहे. टेलव्हानी घराण्याच्या जादूगारांच्या मनोऱ्यांना जिने नाहीत. ज्याला हवेत तरंगता येत नाही त्याने भेटायला येऊ नये, असा त्याचा सरळ अर्थ. स्थानिक लोक खेळाडूला उपरा म्हणूनच वागवतात.

खेळात शेकडो पुस्तके आहेत आणि ती उघडून वाचता येतात. नेरेवार नावाच्या प्राचीन वीराचा मृत्यू कसा झाला, याबद्दल ती एकमेकांशी जुळत नाहीत. मंदिराचा ग्रंथ एक सांगतो, दडवलेली हस्तलिखिते दुसरेच. खरे कोणते हे खेळ शेवटपर्यंत ठामपणे सांगत नाही. मराठीच्या वर्गात पाठभेद हा शब्द मी नंतर शिकलो. त्याची चव मात्र आधी इथे घेतली होती.

मॉड म्हणजे नेमके काय?

‘मॉरोविंड’च्या पेटीतील दुसऱ्या सीडीत ‘कन्स्ट्रक्शन सेट’ होता. ज्या साधनाने निर्मात्यांनी हे बेट बांधले, तेच त्यांनी ग्राहकाच्या हाती ठेवले होते.

त्याचे काम समजायला सोपे आहे. खेळाच्या मूळ फाइलीत जगातील प्रत्येक वस्तूची नोंद असते : हा माणूस, हे दार, ही तलवार, हे संभाषण. मॉडची फाइल या मूळ फाइलीला हात लावत नाही. तिच्यात फक्त फरक नोंदलेले असतात. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र जोडावे तसे. खेळ सुरू होताना संगणक आधी मूळ मजकूर वाचतो, मग ठरलेल्या क्रमाने एकेक शुद्धिपत्र त्यावर चढवतो. दोन मॉडांनी एकाच नोंदीत बदल केला असेल, तर क्रमात नंतर येणाऱ्याचे म्हणणे टिकते. वृत्तपत्राच्या कचेरीत एकाच बातमीवर दोन उपसंपादकांनी हात फिरवला, की पान सोडण्याआधी शेवटी ज्याने फाइल जतन केली त्याचे वाक्य छापले जाते. हा प्रकार तोच. मॉड वापरणाऱ्यांची निम्मी डोकेदुखी या क्रमातून येते.

इंजिनाची गोष्ट वेगळी. इंजिन म्हणजे या नोंदी वाचून त्यांचे चित्र आणि हालचाल घडवणारा प्रोग्राम. मूळ इंजिन २००२ च्या संगणकांसाठी लिहिलेले, म्हणून आजच्या यंत्रांवर ते कुरकुरते. ‘ओपनएमडब्ल्यू’ हा २००८ साली सुरू झालेला मुक्त स्रोत प्रकल्प. त्यातील स्वयंसेवकांनी हे इंजिन नव्याने लिहिले आहे. खेळाची मूळ प्रत मात्र विकत घ्यावीच लागते, कारण नोंदी तिच्यात असतात. मजकूर जुना, छापखाना नवा, असे याचे वर्णन करता येईल.

पाठशुद्धी आणि क्षेपक

हजारो मॉडांची यादी पाहून नवखा माणूस गांगरतो. मला त्यांची विभागणी जुन्या पोथ्यांच्या परिभाषेत करणे सोपे गेले. ग्रंथ आणि खेळ यांची योग्यता एकच आहे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. साम्य आहे ते हाताळणीत.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये पूर्ण झाली. पुढे सुमारे तीन शतके नकलकारांच्या हातून ती उतरत गेली. कुठे शब्द चुकले, कुठे कुणी आपल्या ओव्या घुसडल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, संत एकनाथांनी निरनिराळ्या प्रती पाहून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कुणी त्यात आपली ओवी मिसळू नये, असे बजावून ठेवले. मूळ लेखकाला काय म्हणायचे होते ते जपणे ही पाठशुद्धी. आपल्याला जे म्हणायचे आहे ते त्याच्या नावावर खपवणे हे क्षेपक.

मॉडांतही हे दोन्ही प्रकार आहेत. ‘पॅच फॉर प्युरिस्ट्स’ हा पाठशुद्धीचा उत्तम नमुना. रोजनिशीतील चुकीची दिशा, कधीच न उघडणारे दार, अर्धवट तुटणारे संभाषण अशा असंख्य चुका तो दुरुस्त करतो आणि निर्मात्यांचा हेतू जिथे स्पष्ट नाही तिथे हात आखडता घेतो. त्याउलट, मूळ खेळात तलवारीचा प्रत्येक वार लागत नाही, ही अनेकांना चूक वाटते. वास्तविक तो हिशेब आहे. पात्राचे शस्त्रकौशल्य किती आणि ते किती दमले आहे, यावर वार लागण्याची शक्यता ठरते. प्रत्येक वार लागलाच पाहिजे अशी सोय करणारे मॉड आहेत. ते लोकप्रियही आहेत. पण त्यांना दुरुस्ती म्हणता येणार नाही. नवशिक्याचा अडाणीपणा अंगाला जाणवावा, ही मूळ रचनेची अटच त्यांनी काढून टाकली आहे.

तिसरा प्रकार सजावटीचा. जुने भुरकट पोत काढून नवे बसवणे, चेहरे सुधारणे, पाण्यावर प्रकाश खेळवणे. यात काही बिघडत नाही, असे मलाही वाटत होते.

दादाने विचारले, ‘धुके कुठे गेले?’

माझा हा मावसभाऊ आता बोटीवर नोकरीला असतो. सीडी सापडल्याचे फोनवर सांगितले तेव्हा तो खूश झाला. ‘रजेवर येतो तेव्हा खेळूया,’ म्हणाला. मी कामाला लागलो. खेळाची प्रत नव्याने विकत घेतली आणि रोज रात्री कचेरीतून आल्यावर मॉड जमवू लागलो. दीडशेच्या वर झाले. त्यांचा क्रम लावण्यात दोन महिने गेले. या दोन महिन्यांत मी खेळ असा खेळलोच नाही. नुसता सुरू करायचा, कुठे अडतो ते पाहायचे आणि बंद करायचा.

दादा आला. मी मोठ्या अभिमानाने त्याच्यापुढे पडदा उजळला. सेडा नीनच्या धक्क्यावरून दूरवरचा ज्वालामुखी लख्ख दिसत होता. गवत डुलत होते, पाण्यात ढगांची प्रतिबिंबे होती. तो काही वेळ चालत राहिला. मग म्हणाला, ‘अरे, छान आहे. पण धुके कुठे गेले?’ पुढे बाल्मोरापर्यंतची वाट त्याने काही मिनिटांत कापली आणि हसून म्हणाला, ‘हे एवढेसेच होते?’

मूळ खेळात फार दूरचे दिसत नसे. त्या काळच्या संगणकांची ताकदच तेवढी होती, म्हणून ठराविक अंतरापुढे सारे धुक्यात बुडवलेले असे. ते सौंदर्यासाठी नव्हते, नाइलाज होता. पण रचनाकारांनी वाटा आखल्या त्या हा नाइलाज गृहीत धरूनच. वाट वळणे घेत टेकडीला वळसा घाली. पलीकडचे शहर पाचशे पावलांवर आहे हे कळत नसे आणि म्हणून ते दूर वाटे. धुके काढल्यावर एका मनोऱ्यावरून दुसरा मनोरा दिसू लागतो आणि दोन पिढ्यांच्या खेळाडूंना अफाट वाटलेले बेट अंगणाएवढे होऊन जाते. चूक कोणत्याही एका मॉडची नव्हती. प्रत्येक मॉड चोख होता. दुरुस्ती कशाची करतो आहोत, हे मी न पाहताच हात चालवला होता.

दोन दिवसांनी मी सगळे उतरवून पुन्हा नव्याने सुरुवात केली. या वेळी पाठशुद्धीचा एक मॉड, नवे इंजिन आणि दृष्टीचा पल्ला मूळच्यापेक्षा थोडासाच अधिक. दादाची रजा संपेपर्यंत आम्ही रोज रात्री तासभर खेळलो. तिसऱ्या रात्री एका खिंडीत पूर्ण वाट चुकलो आणि त्याने माळ्यावरचा तो कागदी नकाशा मागितला.

भर घालणारे हात

याचा अर्थ भर घालूच नये असा नाही. ‘तामरिएल रीबिल्ट’ या प्रकल्पाकडे पाहिले की भर कशी घालावी ते कळते. मूळ खेळात मॉरोविंड प्रांताचे फक्त एक बेट आहे. भोवतालची मुख्य भूमी नकाशावर आणि पुस्तकांत आहे, पण तिथे जाता येत नाही. खेळ बाजारात येण्याआधीपासूनच चाहत्यांनी ही उरलेली भूमी बांधायचा बेत आखला. आरंभी त्यांना अख्खे तामरिएल खंड उभारायचे होते. पुढे त्यांनी शहाणपणाने मॉरोविंडच्या मुख्य भूमीपुरते लक्ष मर्यादित केले. आज वीस वर्षांहून अधिक काळ हे काम चालू आहे आणि टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत आहे. कुणालाही पगार नाही. नव्या स्वयंसेवकाला आधी नमुन्यादाखल काम करून दाखवावे लागते. ते पसंत पडले तरच एखादे घर किंवा गुहा त्याच्याकडे सोपवली जाते. पुढे त्याचे काम दुसरा तपासतो. मूळ बेटाशी सूर जुळतो का, हा त्यांचा निकष. म्हणूनच ही भर मूळ मजकुरात घुसत नाही, शेजारी उभी राहते. तिथे जायचे की नाही, हे खेळाडू ठरवतो.

मॉडांनी नवे लेखकही घडवले. मालिकेतील २०११ च्या ‘स्कायरिम’ खेळासाठी ऑस्ट्रेलियातील निक पिअर्स यांनी ‘द फरगॉटन सिटी’ हा मॉड केला. त्याच्या संहितेला २०१६ मध्ये तेथील लेखक संघटनेचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये तो स्वतंत्र खेळ म्हणून बाजारात आला.

मालक कोण?

या साऱ्या श्रमांवर हक्क कुणाचा, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. एप्रिल २०१५ मध्ये स्टीम या विक्रीमंचावर ‘स्कायरिम’चे मॉड विकण्याची योजना सुरू झाली. विक्रीतील पंचवीस टक्के वाटा मॉड करणाऱ्याला मिळणार होता. खेळाडूंचा एवढा संताप उसळला, की काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. इतकी वर्षे एकमेकांना फुकट दिलेल्या वस्तूंचा बाजार मांडला जातो आहे, अशी बहुतेकांची भावना होती. पण रात्री जागून काम करणाऱ्याला मोबदला मिळू नये हे न्याय्य आहे का, याचे उत्तर त्या संतापात नव्हते.

दुसरा वाद जतन करण्याचा. २००१ साली ‘मॉरोविंड’च्या चाहत्यांचे संकेतस्थळ म्हणून जन्मलेले ‘नेक्सस मॉड्स’ आज या क्षेत्रातील सर्वांत मोठे भांडार आहे. २०२१ मध्ये त्यांनी ठरवले, की एकदा चढवलेली फाइल लेखकाला कायमची पुसता येणार नाही. मान्य नसेल त्याला आपले काम काढून घेण्यासाठी मुदत देण्यात आली आणि काही जुन्या जाणत्यांनी ते काढूनही घेतले. लेखकाचा मागे घेण्याचा हक्क मोठा, की वाचकाचा वाचत राहण्याचा? दोन्ही बाजूंना वजन आहे. जुनी संकेतस्थळे बंद पडली तेव्हा त्यांवरचे मॉडही नाहीसे होण्याची वेळ आली होती. ‘मॉरोविंड मॉडिंग हिस्टरी’सारख्या संग्रहांनी त्यांतले पुष्कळ वाचवले. मराठीतील जुन्या नियतकालिकांचे अंक शोधत ग्रंथालये पालथी घातलेल्या कुणालाही या धडपडीचे मोल वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एप्रिल २०२५ मध्ये याच मालिकेतील २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’ खेळाची नवी, देखणी आवृत्ती आली. तिच्यासोबत कंपनीने मॉड करण्याची अधिकृत साधने दिली नाहीत. हौशी मंडळींनी तरीही वाटा काढल्या, पण २००२ ची पेटी आणि ही आवृत्ती यांत अंतर आहेच. एका कंपनीने आपली हत्यारे ग्राहकाच्या हाती दिली, म्हणून तो खेळ कंपनीच्या हिशेबाबाहेर जाऊन जगला. आज विकल्या जाणाऱ्या खेळांपैकी किती खेळांना वीस वर्षांनी असे कुणी सांभाळील, याचा विचार विकत घेतानाच करावा.

परत जायचे असेल तर

ज्यांना या बेटावर पहिल्यांदा किंवा पुन्हा जायचे आहे, त्यांच्यासाठी माझ्या चुकांतून निघालेले चार सल्ले. खेळाची अधिकृत प्रत स्टीम किंवा जीओजी या मंचांवर मिळते आणि तिच्यात ‘ट्रिब्युनल’ आणि ‘ब्लडमून’ ही दोन्ही विस्तारप्रकरणे असतात. सुरुवातीला नवे इंजिन आणि पाठशुद्धीचा मॉड एवढेच पुरे.

पहिले आठ-दहा तास आणखी काहीही जोडू नये. पात्र घडवताना ज्या शस्त्राचे कौशल्य निवडले तेच हाती धरावे आणि धावून दमल्यावर लढू नये. वार हुकण्याची निम्मी तक्रार तिथेच संपते.

मग जे खरोखर खटकेल तेवढ्यापुरता एक मॉड घ्यावा आणि त्याची वहीत नोंद ठेवावी. खेळ अर्ध्यावर असताना मॉड काढून टाकू नये, जतन केलेला डाव बिघडू शकतो. आकाशातून अंगावर झेपावणारे क्लिफ रेसर सर्वांनाच छळतात. त्यांना कमी करणारे मॉडही आहेत. निर्मात्यांनीही ही तक्रार मनावर घेतलेली दिसते. मालिकेच्या पुढच्या खेळांत अशी कथा येते, की जहाजावर आपल्याला पहिल्यांदा हाक मारणारा कैदी जिऊब याने त्या पाखरांना बेटावरून हुसकावले आणि तो संतपदाला पोचला.

आणि धुके थोडे तरी राहू द्यावे.

दादा पुन्हा बोटीवर गेला आहे. जतन केलेला डाव मी त्याला पाठवून दिला. जाताना त्याने पेटीतली ती दुसरी सीडी मागून घेतली. तिच्यातले साधन आता नेटवरून सहज उतरवता येते, हे मी त्याला सांगितले. ‘ठाऊक आहे,’ तो म्हणाला, ‘पण ही आपण उघडायची राहिली होती.’ सेडा नीनच्या बाजूला त्याला एक लहानसे घर बांधायचे आहे. कुणाच्या वाटेत येणार नाही असे.